दत्तूआबा गेले, दत्तात्रय मात्र कागदावर जिवंत

सकाळी उठल्या उठल्या फॅमिली ग्रुपवर एक रील. गॉगल लावलेला पोरगा गाडीत बसून सांगतोय, "मित्रांनो, मृत्यूचा दाखला आता घरबसल्या, दोन मिनिटांत, मोबाईलवर!" खाली टाळ्या, अंगठे, नमस्कार. आमच्याच घरातल्या माणसांनी टाकलेले. ज्यांनी माझ्या मावशीला मागच्या उन्हाळ्यात याच दाखल्यापायी वणवण करताना पाहिलंय, त्यांनीसुद्धा अंगठा दिलाय. डोकं सटकलं माझं. लांब लिहितेय, कंटाळा आला तर पुढे सरका.

तर काका. मराठवाड्यातलं गाव, थोडी कोरडवाहू जमीन, दोन म्हशी. रात्री छातीत दुखायला लागलं. शेजारच्याची जीप काढून जिल्ह्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात नेलं. पहाटे गेले. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "पेशंटचं नाव?" मावशी गप्प. धक्का बसला म्हणून गप्प असेलच, पण त्याहून मोठं कारण वेगळं. चाळीसेक वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचं नाव उखाण्याबाहेर कधी घेतलेलं नाही. 'हे', 'आमचं माणूस', 'बाळूचे बाबा'. मग जीपवालाच म्हणाला, "दत्तूआबा लिहा." सगळं गाव त्यांना तेच म्हणायचं. आडनाव सांगितलं, वय अंदाजाने सांगितलं, मयत ताब्यात घेतलं आणि गावाकडे निघाले.

दाखला आला तो 'दत्तूआबा' याच नावाने. आधारवर दत्तात्रय, पासबुकात दत्तात्रेय, सातबारावर दत्तू. एका साध्या माणसाची चार नावं, आणि त्यातलं कुठलंच दुसऱ्याशी जुळत नाही. दहाव्याला पिंडाला कावळा पटकन शिवला, सगळे म्हणाले, आबांची काही इच्छा राहिली नव्हती. बँकेची मात्र बरीच राहिली होती.

कारण दुधाचं बिल काकांच्या खात्यात जमा व्हायचं. खातं गोठलं. म्हशींना हे कुणी सांगणार नाही, त्या दोन्ही वेळचं दूध देतायत, डेअरीत नोंद होतेय, पैसे बँकेत अडकलेत. बँकवाला सरळ बोलला, "आमचे खातेदार दत्तात्रेय. दाखला दत्तूआबांचा. हेच ते कशावरून?" तलाठ्याकडे वारस नोंदीला गेली तर तिथेही तेच.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की गावचा माणूस आहे, तर दाखला गावच्या ग्रामपंचायतीत मिळेल. मावशीलाही वाटलं. ग्रामसेवक भला माणूस. म्हणाला, "काकू, मृत्यू माझ्या हद्दीतला नाही, मी काय करू?" बरोबरच आहे त्याचं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने नोंद होते ती माणूस जिथे मरतो तिथे. जिथे जगला तिथे नाही. त्यामुळे नाव दुरुस्त करायचं तर शहरातल्या महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात. एसटीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने परत, मध्ये म्हशींची धार शेजारणीच्या गळ्यात.

मी पुण्याहून रजा टाकून तिच्याबरोबर गेले. खिडकी तुम्ही पाहिली असेल. काच, आणि काचेला खाली अर्धगोल भोक. ते इतकं खाली की बोलायचं तर कमरेत वाकावं लागतं. मावशी वाकून उभी, हातात साडीच्या दुकानाची पिशवी, त्यात सगळी कागदं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली: दवाखान्याचं बिल, स्मशानाची पावती, दोघांचं आधार, सातबारा. आतून आवाज आला, "मयताचं नाव काय?" मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणे, "तुम्ही नाही, अर्जदाराने सांगायचं." मागे रांग. मावशीने पदर तोंडाशी धरला आणि हळूच म्हणाली, "दत्तात्रय." आतला म्हणाला, "मोठ्याने बोला मावशी." परत सांगितलं तिने. आणि तो म्हणतो, "असं नाव नाही रेकॉर्डला. सिस्टीम घेत नाही. उद्या या, साहेब मीटिंगला गेलेत."

अरे, जी बाई जन्मात नवऱ्याचं नाव घेत नव्हती, तिने ते तुझ्या भोकातून ओरडून सांगितलं आणि तू म्हणतोस नाव नाही? माझा तिथेच आवाज चढला. मावशीनेच माझा दंड धरला. "अगं, त्याचं पण पोट आहे."

असेल. पोट आहे, माणसं कमी आहेत, एका टेबलावर तिघांचं काम आहे, सर्व्हर खरंच बसतो. मान्य. पुढे बोलू?

कायद्याने आमच्या हातावर घड्याळ बांधलंय. २१ दिवसांत कळवलं तर नोंद फुकट. त्यानंतर विलंब शुल्क. ३० दिवस उलटले की लेखी परवानगी आणि स्वसाक्षांकित कागद. वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी नाहीतर प्रांताधिकाऱ्यांकडून आदेश आणा. ठीक. पण याच कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीने रजिस्ट्रारलाही, म्हणजे नोंद करणाऱ्या अधिकाऱ्यालाही, सांगितलंय की नोंद झाल्यापासून सात दिवसांत दाखला द्या, तोही विनामूल्य. कुठल्या खिडकीवर ही पाटी वाचलीत? फोटो असेल तर टाका. खिडकीवर पाटी असते ती 'शासकीय कामात अडथळा आणल्यास' वाली.

आणि नावाच्या दुरुस्तीचं म्हणाल तर तीही कायद्यात आहे. कलम १५. नोंद चुकली असेल तर पुरावा बघून रजिस्ट्रार ती दुरुस्त करू शकतो. मूळ नोंद खोडायची नाही, समासात दुरुस्ती लिहून सही आणि तारीख टाकायची. एवढंच काम आहे हो! समासात एक ओळ. त्या एका ओळीसाठी मावशीला सांगितलं की दवाखान्याचं पत्र आणा. दवाखाना म्हणतो, तुम्हीच दिलेलं नाव आम्ही कळवलं, आमची चूक नाही. परत खिडकीवर. मग म्हणे प्रतिज्ञापत्र आणा, पाचशेच्या स्टॅम्पवर. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, २००४ पासूनचा आदेश आहे. हे मी तिथे बोलले, तर त्या टेबलावरच्या गृहस्थांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मंगळावरून आले. बाहेर झाडाखाली स्टॅम्पवाला बसलेलाच होता. मावशीने पाचशेची नोट कनवटीतून काढली. मी नको म्हणत होते, तिने ऐकलं नाही. तिला माझं बरोबर ठरण्यात रस नव्हता, तिला दुधाचे पैसे हवे होते.

आता कुणी म्हणेल, नावं अशी सहज बदलून दिली तर लोक जमिनी हडपतील. हो, हडपतील. उत्तर प्रदेशात आझमगढच्या लाल बिहारीला जमिनीपायी १९७५ मध्ये महसुली कागदावर मेलेला दाखवला, आणि स्वतःला जिवंत म्हणून लिहून घ्यायला त्याला १९९४ उजाडलं. आपल्याकडेही उशिरा दिलेल्या जन्मदाखल्यांवरून मालेगाव, अकोल्यापर्यंत गदारोळ झाला आणि २०२५ मध्ये सरकारने नियम आवळले. तपासा ना, जरूर तपासा. पण ज्याला जमीन हडपायची असते तो खिडकीत वाकून उभा राहत नाही. तो आतल्या खुर्चीत चहा पीत बसलेला असतो. चाळणीत दर वेळी अडकते ती मावशीच.

दाखल्यावर मृत्यूचं कारण छापलेलं नसतं, लक्षात आलंय का कधी? कायद्यानेच मनाई आहे. कुणी कशाने गेला हे चारचौघांत कळू नये, एवढा नाजूक विचार १९६९ साली कुणीतरी केला. खरंच चांगला विचार आहे. मग याच डोक्याने एवढं का नाही सुचलं, की रात्री-अपरात्री घाबरलेल्या, रडणाऱ्या, अर्धवट माहिती असलेल्या माणसाकडून भरून घेतलेला कागद हा शेवटचा शब्द मानू नये? दाखला छापायच्या आधी घरच्यांना एकदा दाखवा. आधार समोर ठेवून नाव वाचून दाखवा, मयताचं, बापाचं, बायकोचं. सही घ्या, मग छापा. मोबाईल नंबर घेताच ना अर्जावर? त्यावर मसुदा पाठवा. ते रील बनवण्यापेक्षा सोपं आहे.

लिहिता लिहिता राग जरा उतरला, म्हणून हेही लिहिते, नाहीतर मावशी माझ्यावर चिडेल. शेवटी काम झालं ते एका मुलीमुळे. नवीन लागलेली असावी, शेजारच्या टेबलावर. तिने मावशीला आत बोलावून खुर्ची दिली, पिशवीतली सगळी कागदं टेबलावर मांडली आणि स्वतः उठून रजिस्टर काढून आणलं. पत्ता एक, वय जवळपास एक, बायकोचं नाव एक. "आजी, घरात काय म्हणायचे यांना?" मावशी लाजली चक्क! म्हणाली, "गाव दत्तूआबा म्हणायचं." मुलगी हसली, समासात ओळ लिहिली आणि साहेबांची सही घ्यायला गेली. साहेब जागेवर होते. त्या दिवशी मीटिंग नव्हती बहुतेक. मावशीने तिला पुढच्या खेपेला खरवस आणायचं कबूल केलं. मी म्हटलं, पुढची खेप नको गं बाई.

त्या मुलीचं कौतुक आहेच. पण मग परत संताप येतो, की तीच कागदं, तेच रजिस्टर, तोच कायदा पहिल्या दिवशीही होता. मधल्या काळात बदललं काय? टेबल.

असो. तुमच्या घरात आजारी माणूस असेल तर त्यांच्या आधारचा फोटो प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवा, अपशकुन म्हणून कुणी ओरडलं तरी ठेवा. दवाखान्यात नाव सांगणारा माणूस घरचा असू द्या, जीपवाला नको. आणि नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच असते, हे तेराव्याला सल्ले देणाऱ्या काकांना सांगा.

कमेंटमध्ये 'एजंटला दोन हजार दिले असते तर' असं लिहिणाऱ्यांना मी काढून टाकणार आहे, आधीच सांगते.

ताजी खबर म्हणजे वारस फेरफाराची नोटीस आता चावडीवर लागलीय. बाळूने फोटो पाठवला. त्यात दत्तात्रय बरोबर आहे. मावशीचं नाव मात्र 'शकुंतला'ऐवजी 'शंकुतला' पडलंय. हरकतीची मुदत संपायच्या आत तलाठ्याला गाठायचंय, उद्या फोन लावते.