‘हरवलेले इंग्रजी शब्द’वाला फॉरवर्ड: रडायचंच तर नीट माणसांसाठी रडा

तो मेसेज परत फिरायला लागलाय. तुमच्याही कुठल्या तरी ग्रुपवर आलाच असेल. वर पिवळ्या पडलेल्या कागदाचा फोटो, त्यावर वळणदार अक्षरात ‘यी ओल्ड’ काहीतरी, आणि खाली मजकूर साधारण असा: प्राचीन इंग्रजीत, म्हणजे ओल्ड इंग्लिशमध्ये, एकेका भावनेला एकेक शब्द होता, शेक्सपिअरच्या काळी लोक हे शब्द रोज बोलायचे. हिवाळ्यातल्या उन्हाच्या उबेला अ‍ॅप्रिसिटी, पहाटे जाग येऊन छळणाऱ्या काळजीला उख्तकेआरे, परवाला ओव्हरमॉरो, ज्यातलं काही कळत नाही त्यावर मत ठोकणाऱ्याला अल्ट्राक्रेपिडेरियन. मग मोबाइल आले, लोक आळशी झाले, शब्द गेले. आणि शेवटी कोणीतरी आपल्याकडचं शेपूट जोडलंय, की काका, मामा, दीर, सून यांना मात्र इंग्रजांकडे कधी शब्दच नव्हते, कारण त्यांच्यात नातीच नव्हती.

एकेक घेऊ.

आधी ते ‘ओल्ड इंग्लिश’. जुनं दिसतंय म्हणजे ओल्ड इंग्लिश असं नसतं हो. ते एका ठराविक काळातल्या भाषेचं नाव आहे, ढोबळमानाने पाचव्या शतकापासून ११०० - ११५० पर्यंत. त्यानंतर मिडल इंग्लिश, ज्यात कवी चॉसर येतो, आणि शेक्सपिअर तर त्याच्याही पुढे, अर्ली मॉडर्न इंग्लिशमध्ये, म्हणजे आजच्या इंग्रजीचा आजोबाच, पणजोबा पण नाही. कॉलेजातल्या पोराला टिपा दिल्या की तो शेक्सपिअर वाचतो. पण बेओवुल्फ या ओल्ड इंग्लिशमधल्या वीरकाव्याची पहिली ओळ बघा, ‘ह्वॅट! वे गारडेना इन येआरडागुम’, यातलं काय कळलं? लंडनमध्ये जन्मलेल्या माणसालाही फार काही कळत नाही, त्याला ती भाषा परकी म्हणूनच शिकावी लागते. आणि अल्ट्राक्रेपिडेरियन? तो १८१९ चा आहे. विल्यम हॅझलिट या इंग्रज निबंधकाराने विल्यम गिफर्ड नावाच्या टीकाकाराला झोडपताना तो वापरला. मागे ग्रीक चित्रकार अपेलीसची गोष्ट आहे. चांभाराने चित्रातल्या चपलेतली चूक काढली, ती त्याने सुधारली, मग चांभार पायावरही बोलायला लागला तेव्हा त्याला ऐकवलं की बाबा, चपलेच्या वर जाऊ नकोस. आणि गिफर्ड लहानपणी खरोखरच चांभाराकडे उमेदवारी करत होता, त्यामुळे टोमणा किती जिव्हारी लागणारा होता बघा! शब्द मस्त आहे, वाद नाही. पण १८१९ म्हणजे इकडे पेशवाई नुकतीच बुडालेली. त्याला प्राचीन कसं म्हणायचं?

आता अ‍ॅप्रिसिटी. या फॉरवर्डचा हा सगळ्यात लाडका शब्द, दर डिसेंबरात कोणीतरी गच्चीवरच्या उन्हाचा फोटो टाकून खाली लिहितंच. शब्द येतो कुठून, तर १६२३ मध्ये हेन्री कॉकरम नावाच्या गृहस्थाने काढलेल्या डिक्शनरीतून. तेव्हाच्या डिक्शनऱ्या आजच्यासारख्या नव्हत्या, सगळे शब्द द्यायचेच नाहीत, फक्त ‘अवघड शब्द’ द्यायचे. कॉकरमने तर दुसऱ्या भागात उलटा उद्योग केलाय, साधा शब्द द्यायचा आणि त्याला भारदस्त पर्याय सांगायचा, म्हणजे चारचौघात बोलताना माणूस शिकलेला वाटावा. त्यासाठी या मंडळींनी लॅटिन शब्द उचलून त्याला इंग्रजी शेपट्या लावल्या, आणि असल्या शब्दांना तेव्हाच लोक ‘दौतीतले शब्द’ म्हणून हसायचे. अ‍ॅप्रिसिटी त्यातलाच. कॉकरमने नोंदवला आणि तो तिथेच राहिला, शेतकरी उन्हात पाठ शेकत बसून ‘आज काय अ‍ॅप्रिसिटी पडलीये’ म्हणायचा असं काही नाही. आपल्याकडे सिग्नलला ‘अग्निरथगमनागमनसूचक ताम्रलोहपट्टिका’ म्हणायचा जोक आहे ना, तो चारशे वर्षांनी कोणाला तरी सापडला आणि त्याने लिहिलं की मराठी माणसं स्टेशनवर रोज हेच बोलायची, तर जे होईल ते इथे झालंय.

ओव्हरमॉरो त्यातल्या त्यात बरा. कव्हरडेल या भाषांतरकाराच्या १५३५ च्या इंग्रजी बायबलमध्ये तो आहे, आणि कव्हरडेलने जर्मन भाषांतरं समोर ठेवून काम केलं होतं, जर्मनमध्ये परवाला आजही तसाच जोडशब्द चालतो. पण इंग्रजीत तो घरोघरी होता असं म्हणायला पुरावा फारच तोकडा आहे. सोडा.

उख्तकेआरेचं मात्र वेगळं आहे, कारण हा शब्द अस्सल ओल्ड इंग्लिश आहे. ‘उख्त’ म्हणजे उजाडायच्या आधीचा रात्रीचा शेवटचा तुकडा, आपण भल्या पहाटे म्हणतो तो, आणि पुढचा भाग म्हणजे आजचा ‘केअर’च. ‘उख्त’ बऱ्यापैकी वापरातला होता, मठातल्या पहाटेच्या प्रार्थनेला उख्तसांग म्हणायचे, बेओवुल्फमधल्या ड्रॅगनला पहाटे उडणारा अशा अर्थाचा उख्तफ्लोगा म्हटलंय. पण हा जोडशब्द, जो फॉरवर्डमध्ये ‘सर्वांच्या तोंडी’ होता, तो जेवढं जुनं लिखाण उरलंय त्यात एकदाच येतो. एकदाच! एक्सेटर बुक नावाच्या हस्तलिखितातल्या एका कवितेत. दहाव्या शतकातलं हे पुस्तक बिशप लिओफ्रिकने एक्सेटरच्या कॅथीड्रलला दिलं, आणि मधल्या काळात लोकांनी त्याचे काय हाल केलेत, पहिल्या पानांवर सुरीने कापल्याच्या रेघा आहेत, भांडं ठेवल्याचा गोल डाग आहे, शेवटची पानं तर जळून भोकं पडलीयेत. त्या कवितेतली बाई सांगते की नवरा घरादाराला सोडून लाटांपलीकडे गेला, आणि माझा धनी कुठल्या मुलखात असेल या विचाराने मला पहाटेची काळजी लागली. उद्याच्या मीटिंगचं टेन्शन नाहीये ते! फॉरवर्डवाल्याने विरहातली बाई काढून तिथे ऑफिसला जाणारा माणूस बसवलाय.

आता ते शेपूट, नात्यांचं. खरं तर सगळं लिहायला बसलो ते याच्यासाठी. कारण इथे फॉरवर्ड नुसता चुकत नाही, बरोब्बर उलटं सांगतो. ओल्ड इंग्लिशमध्ये मामाला ‘एआम’ होता आणि काकाला ‘फॅडेरा’. आत्याला ‘फाथू’, मावशीला ‘मोड्रिये’. चार नाती, चार शब्द, आपल्यासारखेच. आणि सासरची मंडळी बघा: सून म्हणजे ‘स्नोरू’, संस्कृतात स्नुषा, आपली सून त्यातूनच आलेली. दीर म्हणजे ‘टाकोर’, हा ऐकायला लांबचा वाटतो पण भाषाशास्त्रवाले त्याला संस्कृत देवृचा भाऊबंद मानतात, ज्यातून आपला दीर आला. सासरा ‘स्वेओर’, सासू ‘स्वेयर’, इकडे श्वशुर आणि श्वश्रू. म्हणजे ज्यांच्याकडे शब्दच नव्हते म्हणतो त्यांच्याकडे आपलेच शब्द होते, एका आजीच्या नातवंडांसारखे. (आता कोणीतरी ‘म्हणजे इंग्रजी संस्कृतातून आली’ म्हणून दुसरा फॉरवर्ड काढेल. नाही आली. दोघींची मूळ भाषा एक, जी आज उरलेली नाही, हे विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कोलकात्यात ग्रीक, लॅटिन आणि संस्कृतबद्दल सुचवलं होतं तेव्हापासून माहीत आहे.)

यातलं माझं सगळ्यात आवडतं म्हणजे बेओवुल्फमधला ‘सुख्तरयेफॅडेरन’. एका शब्दात काका-पुतण्या! नुसता काका नाही, नुसता पुतण्या नाही, जोडी. डेन्मार्कचा राजा ह्रोथगार आणि त्याचा पुतण्या ह्रोथुल्फ मेजवानीला शेजारी बसलेत आणि कवी म्हणतो की तोवर त्यांच्यात सलोखा होता. ‘तोवर’ म्हटल्यावर मराठी वाचकाचे कान टवकारणारच, आपल्याला काका-पुतण्या म्हटलं की शनिवारवाडा, १७७३, नारायणराव सगळं डोळ्यासमोर येतं. तिथेही पुढे फाटलं असावं असंच बरेच अभ्यासक त्या ओळीवरून धरून चालतात, फक्त तिथे बहुधा पुतण्याने गादी बळकावली.

मामाचं महत्त्वही तिकडे भारी होतं. काव्याचा नायक बेओवुल्फची आई राजा ह्रेथेलची मुलगी, त्यामुळे ज्या ह्यूगेलाकच्या दरबारात तो असतो तो त्याचा सख्खा मामा. भाचा मामाकडे वाढतो, मामासाठी लढतो, हे त्या जगात नेहमीचं. आणि नाती नव्हती म्हणे!

मग हे शब्द गेले कुठे? मोबाइलमुळे नक्कीच नाही. १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने हेस्टिंग्जची लढाई जिंकली आणि दरबार, कोर्टकचेरी, मोठ्या घरातली बोली फ्रेंच झाली. पुढच्या दोन-तीनशे वर्षांत अंकल, आंट, कझिन, नेफ्यू, नीस असे सगळे फ्रेंच पाहुणे घरात शिरले ते कायमचे, आणि सासू, सासरा, दीर, सून यांच्या जागी मदर, फादर, ब्रदर, डॉटर यांनाच ‘इन लॉ’ची शेपटी लावून काम भागवलं. गंमत म्हणजे अंकल ज्या लॅटिन शब्दातून आला त्याचा अर्थ फक्त मामा होता, काकाला तिथे वेगळा शब्द होता, आणि आंट ज्यातून आला त्याचा अर्थ आत्या. म्हणजे सोसायटीतली पोरं वॉचमनकाकांना अंकल म्हणतात तेव्हा मुळात मामा म्हणत असतात. एआम एकदम मेला नाही पण. चॉसरच्या ट्रॉइलस अँड क्रिसेड या काव्यात नायिका क्रिसेड आपल्या मामाला ‘एम’च म्हणते, आणि स्कॉटलंडकडे तो त्यानंतरही बराच काळ टिकला. स्नोरू आणि टाकोर मात्र साफ गेले. फॉरवर्डला रडायचंच होतं तर हे होते की समोर, शेकडो वर्षं चुलीपाशी नांदलेले, पण तो रडतोय कोणासाठी, तर ज्याचं बारसं कॉकरमने केलं आणि नंतर कोणी हाकही मारली नाही त्याच्यासाठी.

फॉरवर्डच्या यादीत आणखी काही शब्द आहेत आणि ते बरोबर आहेत, तेही सांगतो. ‘गर्ल’ म्हणजे पूर्वी मुलगा-मुलगी कोणीही, खरं आहे, मुलग्याला ‘नेव्ह गर्ल’ म्हटलेलं सापडतं. ‘सिली’ म्हणजे आधी सुखी, भाग्यवान, हेही खरं. ‘स्टार्व्ह’ म्हणजे नुसतं मरणं, भुकेनेच असं नाही, हे पण खरं. ‘लॉर्ड’ म्हणजे भाकरीचा राखणदार हे फेकल्यासारखं वाटतं, पण तेही बरोबर, मूळ ‘ह्लाफवेअर्ड’, ह्लाफ म्हणजे लोफ. आणि लेडी म्हणजे ‘ह्लॅफडिये’, कणीक मळणारी. फॉरवर्डमध्ये नसलेला तिसरा मेंबर मी देतो, ‘ह्लाफॅटा’, भाकरी खाणारा, म्हणजे कोणाच्या तरी अन्नावर असलेला गडीमाणूस. हा इंग्लंडमधल्या केंटच्या एथेलबर्ट राजाच्या कायद्यात आहे, साधारण इ.स. ६०० चा, इंग्रजीत लिहिलेला सगळ्यात जुना कायदा. कुळवाड्याच्या ह्लाफॅटाला कोणी ठार मारलं तर दंड ६ शिलिंग, एवढंच कलम.

राहिलं फोटोवरचं ‘यी ओल्ड’. तो वाय नाहीये. ‘थ’ आवाजासाठी जुन्या इंग्रजीत थॉर्न नावाचं वेगळं अक्षर होतं, हाताने भराभर लिहिताना ते वायसारखं दिसायला लागलं, आणि छापखाने आले तेव्हा थॉर्नचा खिळा नसायचा म्हणून वायच बसवायचे. वाचायचं मात्र ‘द’च. पबवर आणि दुकानांवर ‘यी ओल्ड’ची फॅशन एकोणिसाव्या शतकातली, हॅझलिटच्याही नंतरची.