पेठेतला क्लब, पुण्यातला मालक

"कुठला रे तू? पुण्याचा नाहीस ना?" ब्लॅकबर्नला राहायला आलो तेव्हा शेजारच्या आजोबांचा पहिला प्रश्न हा होता. लँकशायरच्या एका निवृत्त गिरणी कामगाराला दिल्ली-मुंबईआधी पुणे आठवावं याची मला गंमत वाटली. कोल्हापूरचा, म्हटलं. "मग ये आत."

पुण्याचा राग का, हे आत गेल्यावर कळलं. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा इथला फुटबॉल क्लब नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. घरून फोन आला होता तो अजून आठवतो. कोंबड्यांच्या धंद्यातल्या आपल्या माणसाने गोऱ्यांचा क्लब घेतला, म्हणून घरात कोण आनंद! इथे मात्र महिनाभरात अनुभवी प्रशिक्षक सॅम अलरडाइस यांना नारळ मिळाला. पुढच्या वर्षी संघ पुण्यात बालेवाडीला मैत्रीपूर्ण सामना खेळून आला आणि मे २०१२ मध्ये प्रीमियर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीतून, खाली घसरला. त्या संध्याकाळी प्रेक्षकांनी क्लबचा झेंडा पांघरलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. २०१७ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत गेला, वर्षभरात पुन्हा वर आला, आणि तेव्हापासून दुसऱ्या श्रेणीतच आहे.

हे सगळं आता लिहायचं कारण माझा आतेभाऊ. कोल्हापुरात पेठांच्या संघांचे सामने शाहू स्टेडियमवर कसे रंगतात हे मराठी वाचकाला सांगायला नको. भावाचं म्हणणं, "तालमीच्या वर्गणीवर किती दिवस काढायचे लेका? एखादा तगडा मालक गाठला पाहिजे." त्याच्या कट्ट्यावरचे जुने खेळाडू नेमकं उलट बोलतात: पैसा आला, नायजेरियातून पोरं आणली, पेठेचं पोरगं बाकावर बसलं, खेळ नासला. दर रविवारी फोनवर मला या भांडणाचा निवाडा करायला लावतात.

आधी जुन्या खेळाडूंचं घेऊ. रोव्हर्सची स्थापना ५ नोव्हेंबर १८७५ची, सेंट लेजर हॉटेलातल्या बैठकीत, आणि तीही बऱ्या घरच्या पोरांनी केलेली. पाच वर्षांनी त्यांनी शेजारच्या डार्वेन संघातून फर्गस सूटर हा ग्लासगोचा पाथरवट उचलला. तेव्हा खेळाडूला पैसे देणं नियमाबाहेर होतं, त्यामुळे व्यवहार गुपचूप चालायचे आणि सगळ्या गावाला माहीत असायचे. बाहेरून आणलेला माणूस, हातात पैसे, शेजारच्या गावाचा संताप: आमच्या दोन पेठांचंच भांडण, फक्त धोतराऐवजी टोप्या. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने व्यावसायिकतेला, म्हणजे खेळाडूला पैसे द्यायला, मान्यता दिली ती १८८५ मध्ये. रोव्हर्सने १८८४, १८८५ आणि १८८६ असा सलग तीन वेळा एफए कप, म्हणजे याच असोसिएशनचा चषक, जिंकला आणि १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांत ते होते. म्हणजे पैशाने खेळ नासतो हे खरं असतं तर ब्लॅकबर्नचा फुटबॉल दीडशे वर्षांपूर्वीच नासला असता.

आता भावाचा तगडा मालक. तोही इथे होऊन गेलाय. जॅक वॉकर हा ब्लॅकबर्नचाच पोलादवाला. १९९१ मध्ये त्याने क्लब हाती घेतला, प्रशिक्षक म्हणून केनी डॅलग्लिशला आणलं, गोल करणाऱ्या ॲलन शिअररसाठी तेव्हाचा विक्रमी भाव मोजला. १४ मे १९९५ रोजी शेवटचा सामना लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर हरूनही रोव्हर्स प्रीमियर लीगचे विजेते झाले, कारण तिकडे मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमशी बरोबरी पत्करावी लागली. ८९ विरुद्ध ८८ गुण. आजोबा हा किस्सा सांगताना दरवेळी उभे राहतात.

वॉकर गावचा होता म्हणून जमलं आणि पुणेकर परके म्हणून फसलं, असं इथले बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. वॉकरही वर्षानुवर्षं जर्सी बेटावर राहायचा, करांच्या हिशेबाने. आणि पुणेकरांनी हात आखडला असंही नाही. दरवर्षीचा तोटा तेच भरत आलेत, खरेदीच्या किमतीच्या कित्येक पट. पण वॉकर स्टँडमध्ये दिसायचा, संघ हरला की त्याचा चेहरा पडलेला लोकांना दिसायचा. आताचे मालक मैदानात अभावानेच दिसतात. गेली काही वर्षं भारतातून पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाचे उंबरे झिजवावे लागले, आणि २०२५ मध्ये महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून मागे घेतला गेला. यातल्या कशाचंच कारण कुणी समोर उभं राहून सांगत नाही. गावाचा राग पैशावर नाही, या न बोलण्यावर आहे.

इथून अवघ्या काही मैलांवर बरी नावाचं गाव आहे. १८८५चा तिथला क्लब पैशाच्या घोळापायी २०१९ मध्ये लीगमधून हद्दपार झाला. अशा घटनांनंतर सरकार हललं आणि २०२५ मध्ये कायदाच झाला: स्वतंत्र नियामक, आणि क्लबचं बोधचिन्ह किंवा जर्सीचे रंग बदलायचे तर आधी समर्थकांना विचारायचं. रोव्हर्सची अर्धी निळी, अर्धी पांढरी जर्सी आता पुण्याहून आलेल्या एका फोनवर बदलता येणार नाही. भावाला म्हटलं, मालक जरूर शोध, पण आधी हे कलम लिहून घे. तो म्हणतो, "असं लिहून देणारा मालक मिळंल व्हय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

परवा आजोबांनी विचारलं, पुण्यातली माणसं मग कुणाला पाठिंबा देतात? पुणे एफसी बंद पडला, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली, हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि तुमच्या गावात मालक कोण?" कोणीच नाही, तालीम आहे, म्हटलं. तालीम म्हणजे काय ते समजावताना चहाचे दोन कप थंड झाले.