‘एक्सएमएल काढा, प्रोजेक्ट जसाच्या तसा जातो’: जात नाही, मुख्यतः कट जातात

व्हिडिओ एडिटिंग शिकवणाऱ्या व्हिडिओंमधून एक्सएमएलबद्दल (एडिटची माहिती दुसऱ्या सॉफ्टवेअरला देणारी फाइल) एक दावा सतत फिरत असतो: ‘सॉफ्टवेअर कुठलंही घ्या. एक्सएमएल एक्सपोर्ट केली की अख्खा प्रोजेक्ट इफेक्ट आणि कलरसकट दुसरीकडे उघडतो. फुटेज आपोआप जोडलं जातं. काम अर्धवट असताना सॉफ्टवेअर बदललं तरी चालतं.’ यावर विसंबून कुणी डेडलाइनच्या तोंडावर प्रोजेक्ट हलवला तर त्याचे फार हाल होतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिलं म्हणजे, ‘एक्सएमएल’ हा एकच फॉरमॅट नाही. एडिटिंग सॉफ्टवेअर फायनल कट प्रो ७ ची एक्सएमएल वेगळी आणि २०११ मध्ये आलेल्या फायनल कट प्रो एक्सची वेगळी. नाव आणि कंपनी तीच, तरी नव्या फायनल कटमध्ये जुने प्रोजेक्ट उघडत नव्हते. प्रीमियर हे दुसरं एडिटिंग सॉफ्टवेअर आजही त्या जुन्या पद्धतीची एक्सएमएल देतं आणि नवं फायनल कट ती थेट वाचत नाही. मध्ये रूपांतर करणारं काहीतरी लागतं. रिझॉल्व्ह हे तिसरं सॉफ्टवेअर दोन्ही वाचतं, म्हणून बरेच जण त्यालाच पूल करतात.

‘इफेक्ट आणि कलरसकट’ हा दाव्यातला सगळ्यात घातक भाग आहे. या फाइलमध्ये मुख्यतः एक यादी असते: कुठली क्लिप, कुठल्या टाइमकोडपासून (फ्रेमची अचूक वेळ) कुठपर्यंत, कुठल्या ट्रॅकवर (टाइमलाइनवरचा थर). साधा डिझॉल्व्ह (एक शॉट दुसऱ्यात विरघळणं), पोझिशन, ओपॅसिटी (पारदर्शकता), एकसारखा स्पीड हे बहुतेक वेळा नीट पोचतं. पण ल्युमेट्री या कलर टूलमध्ये केलेलं ग्रेडिंग (रंगांचं काम) हे प्रीमियरचं स्वतःचं गणित आहे. ते गणित रिझॉल्व्हकडे नाहीच, मग फाइलमध्ये काहीही लिहिलं तरी ते लागू कसं होणार? बाहेरचे प्लगइन, टायटल, स्टॅबिलायझेशन यांचंही तेच. स्पीड रॅम्प (हळूहळू बदलणारा वेग) आणि नेस्ट केलेले (एकात दुसरा घातलेले) सिक्वेन्स कधी येतात, कधी मोडून येतात.

याहून फसवी गोष्ट म्हणजे आकडा पोचतो, पण त्याचा अर्थ बदलतो. एचडी टाइमलाइनवर फोरके (एचडीहून मोठी) क्लिप टाकली, तर प्रीमियर स्केल मोजताना क्लिपचे मूळ पिक्सेल धरतं. रिझॉल्व्ह मात्र क्लिप आधीच फ्रेममध्ये बसवून घेतं. त्यामुळे ‘५० टक्के’ या एकाच आकड्याचे दोन अर्थ होऊ शकतात. कुठेही लाल खूण दिसत नाही आणि फ्रेमिंग मात्र बदललेलं असतं.

फुटेज तर एक्सएमएलमध्ये नसतंच. असतो तो फक्त फाइलचा पत्ता. ड्राइव्हचं नाव किंवा फोल्डर बदललं की क्लिप ऑफलाइन, म्हणजे सॉफ्टवेअरला ती सापडत नाही. कॅमेऱ्याची प्रत्येक कार्डवरची पहिली फाइल एकाच नावाची असेल, तर रीलिंक करताना (फाइल पुन्हा जोडताना) भलताच शॉट जोडला जाऊ शकतो. मोबाइलवर बदलत्या फ्रेमरेटने (सेकंदाला किती फ्रेम) केलेलं शूटिंग असेल तर कट काही फ्रेम सरकतात. अशा क्लिप एडिट सुरू करण्याआधीच स्थिर फ्रेमरेटमध्ये बदलून घ्याव्यात.

‘एक्सएमएल नाही जमली तर ईडीएल काढा’ असंही सांगतात. ईडीएल ही कटची साधी यादी, टेपच्या जमान्यातली. नेहमीच्या सीएमएक्स ३६०० प्रकारात व्हिडिओचा एकच ट्रॅक मावतो. कट पोचवायला ती आजही भरवशाची आहे, पण वरच्या ट्रॅकवरचं काही तिच्यात जात नाही. आवाज साउंड डिझायनरकडे द्यायचा असेल तर एएएफ प्रकारची फाइल बरी. त्याच कामाच्या जुन्या ओएमएफ फाइलला २ जीबीची मर्यादा आहे. पिक्सारने सुरू केलेलं ओपनटाइमलाइनआयओ (टाइमलाइन देवाणघेवाणीचा फॉरमॅट) मला मनापासून आशादायक वाटतं, पण तेही कटची रचनाच नेतं, ग्रेडिंग नाही.

राहिला प्रश्न अर्धवट कामाचा. प्रत्येक फेरीत काहीतरी गळतं, म्हणून पिक्चर लॉक झाल्यावर (सगळे कट पक्के ठरल्यावर) एकदाच हलवा. आधी सिक्वेन्सची कॉपी करा. तिच्यात नेस्ट उघडून टाका, क्लिप शक्य तितक्या खालच्या ट्रॅकवर आणा, दुसरीकडे न जाणारे इफेक्ट रेंडर करून (नवी व्हिडिओ फाइल बनवून) पक्के करा. मूळ सॉफ्टवेअरमधून टाइमकोड छापलेला एक रेफरन्स व्हिडिओ काढा. नव्या टाइमलाइनवर तो सगळ्यात वरच्या ट्रॅकवर ठेवून ब्लेंड मोड ‘डिफरन्स’ करा, म्हणजे दोन चित्रांतला फरकच दिसतो, सारखा भाग काळा होतो. ग्रेडिंग आणि कॉम्प्रेशनमुळे थोडी पुसट छटा राहील, छापलेले आकडेही दिसतील. पण जिथे चित्राच्या कडा उजळून दुहेरी दिसतात, तिथे कट सरकलाय किंवा स्केल बदललाय, आणि टाइमकोड समोरच असतो.