यात्रेतला तमाशा नेमका कुणाला नकोय?

आमच्या गावची यात्रा चैत्रात झाली. नंतर हिशोबाच्या बैठकीत ठराव आला: पुढच्या वर्षापासून तमाशा बंद, त्या पैशात कीर्तन महोत्सव. जिथे सात दिवस हरिनाम सप्ताह चालतो त्याच पटांगणात रात्री ढोलकी वाजायची, हे बरं दिसत नाही म्हणे. ठरावाच्या बाजूने सर्वांत मोठ्याने बोलला माझा चुलतभाऊ. तो हिंजवडीला नोकरी करतो आणि यात्रेला एक दिवस गाडी घेऊन येतो. मी इथून, अमेरिकेतून, व्हॉट्सअॅपवर विरोध लिहिला, तर त्याचं उत्तर आलं, "तुम्ही तिकडे बसून सांगू नका. लाज आम्हाला वाटते."

गाव जुन्नर तालुक्यातलं, नारायणगावपासून एसटीने अर्धा तास. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच सुपारी ठरवायला तिथे येतात. लहानपणी वडिलांचं बोट धरून मीही गेलोय. त्यामुळे ती 'लाज' तीन महिने झाले, माझ्या डोक्यातून जात नाही.

जुलैत इथल्या काउंटी फेअरला गेलो तेव्हाही ती बरोबर होतीच. इलिनॉयमधल्या पिओरियात सतरा वर्षं झाली, आणि मुलगी फोर-एच या मुलांच्या क्लबमधून शेळी घेऊन स्पर्धेत उतरायची तेव्हापासून आमची ही वारी चुकलेली नाही. रविवारी सकाळी अकराला मेंढ्यांच्या शेडमागच्या स्टेजवर गॉस्पेल होतं, म्हणजे कृष्णवर्णीय चर्चमधली भक्तिगीतं, आणि संध्याकाळी सातला तिथेच ब्लूज, म्हणजे त्याच समाजाची संसारातल्या सुखदुःखाची गाणी. लॉन चेअर टाकून मी दोन्हीला बसलो. मधल्या वेळेत ट्रॅक्टर पुल, लेमन शेकअप, सावलीत एक डुलकी.

सकाळी कॉयरने पहिली ओळ उचलली आणि मी टाळ्या धरल्या, सप्त्यातल्या सवयीने समेवर. शेजारच्या आजींनी हसून माझं मनगट धरलं आणि टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आणून ठेवली. पुढची दोन गाणी मी तेवढंच सांभाळत होतो. मग सुटलो. पुढचा गायक एक ओळ टाकतो, मागची पंधरा माणसं ती झेलतात, तो पुन्हा तीच ओळ वर नेतो, ऑर्गनवाला खालून रेटा देतो. आमच्याकडे त्याला झील म्हणतात. टाळकऱ्यांची झील मी ऐकली आहे आणि तमाशातल्या झीलकऱ्यांचीही. गळे सारखेच ताणलेले असतात.

संध्याकाळी ऑर्गनवर सकाळचाच माणूस होता. झगा जाऊन टोपी आली होती. ब्लूजमध्ये ओळ दोनदा म्हणायची आणि तिसरीत तिला उत्तर द्यायचं, बारा 'बार'च्या, म्हणजे तालाच्या बारा घरांच्या, चौकटीत सगळा संसार. तोच हात, तेच सूर. मी आजींना विचारलं, सकाळचाच ना हा? "माझा भाचा आहे," त्या म्हणाल्या. "शनिवारी बारमध्ये वाजवतो, रविवारी चर्चमध्ये. नाहीतर घर कसं चालेल?" तिथे जमलेल्या शे-दीडशे माणसांत कुणालाच यात काही विपरीत वाटलं नाही.

चुलतभावाला मला हेच दाखवायचं होतं. तो म्हणेल, अमेरिकेत असेल तसं. पण इथेही हे आयतं मिळालेलं नाही. आज ज्याला गॉस्पेल म्हणतात ते उभं करणारा थॉमस डॉर्सी हा धर्मोपदेशकाचा मुलगा. 1924 मध्ये तो ब्लूज गायिका मा रेनीच्या मागे पियानो वाजवत होता. 'जॉर्जिया टॉम' या नावाने त्याने चावट गाण्यांच्या रेकॉर्डीही केल्या. त्याने ब्लूजच्या चाली देवाच्या गाण्यांना लावल्या तेव्हा शिकागोच्या जुन्या, प्रतिष्ठित कृष्णवर्णीय चर्चनी त्याला दारात उभं केलं नाही. त्यांना युरोपियन धाटणीची शिस्तशीर भजनं हवी होती. दक्षिणेतून, कापसाच्या शेतांतून नुकतीच आलेली माणसं हुंदके देत, पाय आपटत गातात, याची त्यांना लाज वाटे. हो, लाजच. 1932 मध्ये डॉर्सीची बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखातून आलेलं त्याचं गाणं आज इथे अंत्यविधीला हमखास गातात. त्याच वर्षी शिकागोतल्याच ब्रॉन्झव्हिल भागातल्या पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चने त्याला संगीताची जबाबदारी दिली आणि पुढची कित्येक दशकं ती त्याच्याकडेच राहिली. गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सनने ब्लूज गायला कायम नकार दिला, हे मला ठाऊक आहे. पण ती ब्लूज गायिका बेसी स्मिथच्या रेकॉर्डी ऐकत वाढली होती आणि ते तिच्या आवाजातून लपत नाही.

आमच्याकडे काय वेगळं आहे? सोलापूरचा राम जोशी आधी लावणीचा शाहीर होता, मग मोरोपंतांच्या आर्या घेऊन कीर्तनाला उभा राहिला. तमाशा सुरू होतो तोच गणाने, त्यानंतर गवळण, म्हणजे आधी गणपती आणि मग कृष्ण. विठाबाई नारायणगावकरांचा जन्म पंढरपूरचा, नावातच विठू. त्यांच्या नावाने सरकार तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं आणि गावची बैठक म्हणते पटांगण बाटतं.

माझे वडील सप्त्यात वीणा घेऊन पहाऱ्याला उभे राहत आणि यात्रेच्या रात्री पुढच्या रांगेत घोंगडी टाकून वग संपेपर्यंत बसत. त्यात त्यांना कधी अडचण वाटली नाही.

पण मला सगळं लिहायचं असेल तर पुढचंही लिहायला हवं. फड आला की माणसं शाळेच्या पडवीत उतरायची. आमच्या घरून भाकऱ्या जायच्या आणि पाणी द्यायला आजी मला बरोबर न्यायची. तांब्या त्यांच्या हातात द्यायचा नाही, वरून ओंजळीत ओतायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, मी बघून शिकलो. फडातली माणसं महार, मांग, कोल्हाटी. गाणं आमचं, यात्रा आमची, तांब्याही आमचाच. चुलतभाऊ 'लाज' म्हणतो तेव्हा मला तो तांब्या दिसतो, कारण तो मी धरलेला आहे.

आणि इथे? घर घेताना मी पिओरियाच्या दक्षिण भागाकडे पाहिलंही नाही. एजंटला म्हणालो, शाळा चांगल्या हव्यात. तिथे कोण राहतं ते त्यालाही कळत होतं, मलाही. माझं मनगट धरून टाळी शिकवणाऱ्या आजी तिथल्याच निघाल्या, घरापासून पंधरा मिनिटं. सतरा वर्षांत त्या बाजूच्या कुणाशी मी एवढा वेळ शेजारी बसून बोललो नव्हतो. चुलतभावाला अमेरिकेचे दाखले देताना हे मी सांगितलं नव्हतं.

तरी माझं म्हणणं बदलत नाही. तमाशा बंद करू नका. कीर्तन महोत्सवही करा, पैसे मी देतो.

दादाला फोनवर हेच सांगितलं. वर्गणी वाढवतो, वाढीव रक्कम फडाच्या सुपारीला लावा. तो पंचांपुढे विषय घेईन म्हणाला. मग यंदाच्या फलकाचा फोटो त्याने पाठवला. डावीकडे ग्रामस्थ, उंबऱ्यामागे पाचशे. आमच्या घराच्या उंबऱ्यापुढे आधी वडिलांचं नाव असायचं, आता दादाचं आहे. माझं नाव उजवीकडे, 'बाहेरगावचे देणगीदार' या मथळ्याखाली, चुलतभावाच्या नावाला लागून.