खुलासा: पांढरं पडलेलं प्रवाळ आणि 2022 चा तो ‘विक्रम’

‘ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळरांगेवर 2022 मध्ये विक्रमी प्रवाळ आढळलं, म्हणजे ब्लीचिंगचा (प्रवाळ पांढरं पडण्याचा) बाऊ उगाच केला जातो,’ असा मजकूर सध्या फिरतोय. त्यातला आकडा खरा आहे. उत्तर आणि मध्य भागात 36 वर्षांच्या पाहणीतलं सर्वाधिक प्रवाळ-आच्छादन तेव्हा नोंदलं गेलं होतं. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

पाणी फार तापलं की पॉलिप, म्हणजे प्रवाळ घडवणारा इवलासा प्राणी, त्याला अन्न पुरवणारं आपल्या पेशींतलं शैवाल बाहेर टाकतो आणि पारदर्शक झालेल्या शरीरातून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. पॉलिप अजून जिवंत असतो, फक्त उपाशी. पाणी वेळेत निवलं तर शैवाल पुन्हा वाढतं, रंग परततो. उष्णता लांबली तर मात्र तो मरतो, आणि थोड्याच दिवसांत सांगाड्यावर हिरवट-तपकिरी शेवाळ चढतं. मग भरपाई वाचलेल्या प्रवाळाच्या वाढीवर आणि नव्या अळ्या रुजण्यावर अवलंबून. ऑस्ट्रेलियातल्याच स्कॉट रीफला 1998 च्या ब्लीचिंगनंतर सावरायला सुमारे 12 वर्षं लागली.

2022 ची वाढ मुख्यतः ॲक्रोपोरा या झपाट्याने वाढणाऱ्या, फांद्यांच्या प्रवाळाची होती. लाटा, काटेरी तारामासे आणि उष्णता, तिन्हींपुढे हेच आधी कोसळतं. वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढणारे पोराइटिस या प्रवाळाचे जुने गोळे इतक्यात परत येत नाहीत. शिवाय उसंत कुठे आहे? ग्रेट बॅरिअर रीफवर 2016, 2017, 2020, 2022, 2024 आणि 2025 मध्ये मोठं ब्लीचिंग झालं. असा मजकूर पुढे पाठवताना निदान ही वर्षं तरी सोबत जोडा.