फ्रीज थंड करण्याचे काही महागडे उपाय

मे महिना आहे, आमरसाचं पातेलं अर्धं उरलंय आणि तुमच्या फ्रीजमधल्या बाटलीपेक्षा माठातलं पाणी गार लागतंय? घाबरू नका. गेल्या पाच आठवड्यांत या विषयात मी जी प्रगती केली आहे ती तुमच्याही कामी यावी, म्हणून हा प्रपंच.

सर्वात आधी लक्षणांकडे दुर्लक्ष करा. वर फ्रीझरमध्ये मटार दगडासारखे आणि खाली डोशाचं पीठ झाकण ढकलून बाहेर आलेलं, असं एकाच कपाटात काश्मीर आणि नागपूर नांदत असलं तरी त्यावर विचार करायचा नाही. विचार केला की प्रश्न पडतात, आणि प्रश्न विचारलेले दुरुस्तीला येणाऱ्या दादांना आवडत नाहीत.

सासूबाई म्हणतील तसा फ्रीज भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. आमची हरवलेली वाटी सापडली.

मग कस्टमर केअरला फोन लावा. मराठीसाठी तीन दाबा आणि हिंदीत बोला. 'स्क्रीन पर कोई एरर कोड आ रहा है?' असं विचारतील. नाही म्हणालात तर 'फिर तो फ्रीज ठीक है, मॅम' असं उत्तर मिळेल. हे ऐकताना हातातलं नासलेलं दूध सांडू देऊ नका. त्याच दिवशी संध्याकाळी 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, एक ते पाच गुण द्या' असा मेसेज येईल. घरी कोणी आलेलं नसेल. गुण द्या.

काम नीट झाल्याचा ओटीपी मात्र दादा चपला काढत असतानाच देऊन टाका.

आता मुख्य उपाय, बोर्ड बदलणे. बोर्ड म्हणजे फ्रीज चालवणारी सर्किटची पाटी, तिलाच पीसीबी म्हणतात. आमच्याकडे पहिले दादा आले, त्यांनी दार उघडलं, आत हात घातला, हात बाहेर काढला आणि म्हणाले, 'मॅडम, पीसीबी गेला.' एवढंच. मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, पण एवढ्या कमी पायऱ्यांत उत्तर काढणारा विद्यार्थी मला भेटला नाही. वीज मोजायचा मीटर त्यांच्या बॅगेत होता. पिवळा, छान, वायरी गुंडाळलेल्या. त्या वायरी त्या दिवशी गुंडाळलेल्याच राहिल्या. बोर्डाचे 6,800 आणि व्हिजिटचे पाचशे अधिक अठरा टक्के जीएसटी म्हणजे 590. बोर्ड यायला दोन दिवस लागणार होते, तोवर 'फ्रीज बंद करून दारं उघडी ठेवा' असं सांगून गेले. ठेवली. तिसऱ्या दिवशी नवा बोर्ड बसला, जुना त्यांनी पिशवीत टाकून नेला, आणि फ्रीज असा गारठला की यांनी रात्री श्रीखंडाचा डबा आणला.

सहा दिवस. सातव्या दिवशी श्रीखंड आंबलं.

दुसरे दादा आले. त्यांनीही हात घातला. (या क्षेत्रात हाताला फार मान आहे.) निदान : गॅस गेला. मी म्हटलं, 'दादा, वर बर्फ होतोय, तर गॅस गेला कुठे?' ते माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागले की मीच वरमले. तुम्हीही वरमा. फ्रीजमधला गॅस म्हणजे काही स्कूटरचं पेट्रोल नव्हे रोज जळून संपायला. बंद नळीत तोच तो फिरत असतो, नळी कुठे फुटली तरच जातो, आणि तो गेला तर फ्रीझरही मरतो, नुसता खालचा कप्पा नव्हे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांना माहीत असायला हवं होतं, पगार त्यांना मिळतो. त्यांनी नळी कापली, गॅस भरला, 3,400 घेतले, 'आज रात्रभर बंद ठेवा, दारं उघडी राहू द्या' म्हणाले. ठेवली. सकाळी ओट्यासमोर तळं साचलं होतं, मी दोन जुन्या चादरी पिळल्या आणि तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही की हे एवढं पाणी आलं कुठून.

पुन्हा सहा दिवस थंड. सातव्या दिवशी कैरीचं पन्हं फसफसलं.

तिसऱ्या वेळी निदान : कॉम्प्रेसर. 11,500 लागतील म्हणाले. 'किती दिवस दुरुस्त करत बसणार मॅडम, एक्स्चेंज ऑफर चालू आहे, नवा घ्या.' फ्रीज सात वर्षांचा आहे. आईच्या घरचा एकाच दाराचा फ्रीज पंचवीस वर्षं चालला, त्यात आठवड्याला एकदा लाल बटण दाबून बर्फ वितळवायचा, खालचं पाणी ओतायचं, संपलं. आमच्या फ्रीजला बर्फ वितळवावा लागत नाही म्हणून तर दुप्पट पैसे मोजले होते. या वाक्यातच सगळं उत्तर होतं, पण मी गणिताची बाई, विज्ञानाची नव्हे.

उत्तर खालच्या मजल्यावरून आलं. तिथे राहणारा मुलगा, आयटीआयचा दोन वर्षांचा रेफ्रिजरेशनचा कोर्स केलेला, मॉलमध्ये एसी सांभाळतो. जिन्यात भेटला. मी रडगाणं गायलं. त्यानं एकच विचारलं, 'काकू, बंद करून उघडा ठेवला की आठवडाभर नीट चालतो का?'

बघा. त्यानं फ्रीज पाहिलासुद्धा नव्हता.

रविवारी आला, प्लग काढला, फ्रीझरच्या आतलं मागचं प्लॅस्टिकचं पॅनेल उघडलं. मागे गारवा तयार करणारी नळ्यांची जाळी होती म्हणे. मला दिसली ती पांढरी भिंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पंखाही अर्धा गाडलेला. गॅस कमी असता तर एका कोपऱ्यातच बर्फ धरला असता, तो म्हणाला. फ्रॉस्ट फ्री, म्हणजे बर्फ आपण वितळवावा न लागणाऱ्या, फ्रीजमध्ये या जाळीखाली हीटर असतो. ठरावीक वेळानं तो लागतो, बर्फ वितळतो, आणि जाळी पुरेशी तापली हे सांगायला तिला एक सेन्सर अडकवलेला असतो. शेंगदाण्याएवढा, दोन वायरींचा. आमच्या सेन्सरच्या टोकाला चीर जाऊन आत पाणी शिरलं होतं. त्यामुळे जाळी बर्फात बुडालेली असतानाही तो बोर्डाला सांगत होता, तापली, तापली, हीटर बंद करा. बर्फ साठला, वाऱ्याची वाट बुजली, गारवा वर कोंडला आणि खाली दूध नासलं. वायर तुटली असती तर एरर कोड आला असता. पण खोटं नीट बोललं तर बोर्डही पकडत नाही.

तपासणी किती अवघड? स्टीलच्या पेल्यात बर्फ आणि पाणी. त्यात सेन्सर, वायरींना मीटर. या सेन्सरचा विजेला होणारा रोध थंडीत वाढतो. खोलीच्या तपमानाला जो आकडा, तो बर्फाच्या पाण्यात तिपटीच्या आसपास जायला हवा. आमचा ढिम्म. तोच आकडा. नवा घातला तर माझ्या डोळ्यांदेखत आकडा चढत गेला. पाच मिनिटं लागली, तीसुद्धा मी पेला शोधण्यात घालवली म्हणून. कल्याणला स्पेअर पार्टच्या दुकानात तो सेन्सर 280 रुपयांना मिळाला. मुलानं पैसे घेतले नाहीत, पन्हं प्यायला.

म्हणजे बोर्ड आणि गॅसच्या मिळून 10,200 रुपयांत आम्ही काय विकत घेतलं, तर दोनदा दारं उघडी ठेवण्याचा सल्ला! बर्फ वितळला की फ्रीज चालायचा, आणि श्रेय बोर्डाला, मग गॅसला.

म्हणून पुढचा सल्ला असा की... नाही, सल्ला वगैरे काही नाही. अरे, मोजा ना आधी! बॅगेत मीटर कशाला बाळगता, वजनाला? चार स्क्रू काढून पॅनेल उघडायला किती वेळ लागतो? दिवसाला दहा घरं उरकायची आणि पार्ट विकायचे एवढंच त्या पोरांना वरून सांगत असाल तर निदान तसं पावतीवर छापा. त्या खालच्या मजल्यावरच्या मुलाला जे जिन्यात उभ्या उभ्या कळलं ते तुमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत? आणि माहितीपुस्तिकेत बाटल्या कुठे ठेवाव्यात याची चित्रं आहेत, सेन्सरचा आकडा किती असावा याला अर्धी ओळ नाही.

आणि मी? 6,800 देताना 'कशावरून गेला?' एवढं विचारलं नाही. पावती न वाचता ओटीपी सांगितला. वर्गात पायऱ्या न लिहिणाऱ्या पोरांचे गुण कापत होते, आणि इथे नुसत्या उत्तराला पूर्ण पैसे दिले.

परवा कस्टमर केअरला फोन केला, तर म्हणतात काम समाधानकारक झाल्याचं तुम्ही ओटीपी देऊन कळवलं आहे. 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली आहे. गॅसचे पैसे, व्हिजिटचे पैसे, त्यांचं पुढे काय व्हायचं ते होईल. पण माझा जुना बोर्ड चालू होता. पिशवीत घालून नेलात तो. तो आधी परत आणून द्या.