पेपरवालं पिल्लू आणि फिरता मेसेज

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परवा तिसऱ्यांदा आला. थोडक्यात असा: 'केसीआयचे पेपर असलेलंच पिल्लू घ्या. पेपर म्हणजे सरकारी नोंद, मग महापालिकेचा परवाना लागत नाही. बिनपेपरचा कुत्रा पाळणं बेकायदा. पेपरवाला कुत्रा शंभर टक्के शुद्ध आणि निरोगी. थोडे पैसे जास्त जातील, पण पेपर घ्याच.' खाली सात अंगठे. त्यातला एक बी विंगमधल्या जोशीकाकांचा, आणि ते येत्या रविवारी लॅब्रेडॉर बघायला जाणार आहेत. म्हणून हे लिहायला बसलो.

पहिलं म्हणजे सरकारी नोंद. केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया, आणि पेपर म्हणजे तिथून मिळणारा वंशावळीचा कागद. या क्लबाचं मुख्यालय चेन्नईला आहे. कुत्री पाळणाऱ्या, पैदास करणाऱ्या हौशी लोकांची ती संस्था, सरकारी खातं नव्हे. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यांच्या चोपड्यांत आपल्या घराण्याची नामावळ असते, तसलंच हे काम: कोणाचा बाप कोण, आई कोण, जन्म कधीचा. चोपडीत खापरपणजोबांचं नाव सापडलं म्हणून कोणी रेशनकार्ड देत नाही. महापालिकेचा परवाना वेगळाच असतो. तिथल्या खिडकीवर वंशावळ कोणी विचारत नाही, रेबीजच्या लसीचा दाखला विचारतात. माझा सध्याचा भुऱ्या रस्त्यावरचा आहे. त्याचा परवाना आहे, पेपर नाही.

बेकायदा वगैरे तर काहीच्या काही. घरी पाळायच्या कुत्र्याची वंशावळ हवीच, असा कायदा नाही. कायदा आहे तो पैदास करणाऱ्यासाठी. 2017 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, मादी दीड वर्षाची होण्याआधी तिच्यापासून पिल्लं घेता येत नाहीत आणि जन्मभरात पाचपेक्षा जास्त वेतं घेता येत नाहीत. म्हणजे विचारायचाच असेल तर ब्रीडरला त्याचा नोंदणी क्रमांक विचारा. मी दोघांना विचारला. एकानं फोन ठेवला.

आता 'शंभर टक्के शुद्ध'. इथे जरा थांबू. क्लबचा माणूस काही मेटिंगच्या वेळी शेजारी उभा नसतो. ब्रीडर कळवतो त्यावर विश्वास ठेवून नोंद होते. शिवाय ज्याच्या आईबापांची नोंदच नाही असा एकटा कुत्राही परीक्षकाने पाहून जातीचा वाटला तर नोंदवता येतो. तोही 'पेपरवाला'च, पण त्याच्या कागदावरून आजी-आजोबा कळायचे नाहीत. राहिला प्रश्न, हातातला कागद याच कुत्र्याचा कशावरून? त्यासाठी मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी, खांद्यांच्या मधोमध कातडीखाली बसवलेली. तिच्यात पंधरा आकडी नंबर असतो आणि तोच कागदावर छापलेला असतो.

माझा दुसरा लॅब्रेडॉर पेपरवाला होता. डॉक्टरांकडे पहिल्या लसीला नेला, तर त्यांनी सहज स्कॅनर काढला. मानेवरून, खांद्यांवरून, मग दोन्ही बाजूंच्या फासळ्यांवरून फिरवला, कारण चिप कधी कधी सरकते. बीप नाही. पुन्हा फिरवला. नाहीच. कागद हातात घेऊन डॉक्टर म्हणाले, "कागद खरा दिसतोय, कुत्रा मात्र दुसरा आहे." ब्रीडरला फोन केला तर म्हणतो, साहेब, चिप विरघळली असेल. चिपवर काचेचं आवरण असतं हो! मग कळलं की घ्यायच्या आधीच स्कॅन करून आकडे जुळवायला हवे होते.

निरोगीपणाबद्दल मी कशाला बोलू, अमेरिकन केनेल क्लबच बोलतो. 1884 पासून नोंदी ठेवणारी ही संस्था स्वतःच सांगते की आमच्या कागदावरून कुत्र्याचा दर्जा किंवा प्रकृती कळत नाही. इंग्लंडच्या केनेल क्लबने सख्ख्या भावाबहिणीच्या किंवा बाप-लेकीच्या संबंधातून झालेली पिल्लं नोंदवणं बंद केलं ते 2009 मध्ये. तोवर त्यांनाही रीतसर कागद मिळत होता. माझा पहिला लॅब्रेडॉर तर चिपसकट अस्सल. दोन वर्षांचा असताना जिना चढताना मागचे पाय ओढायला लागला. एक्स-रे काढला, खुब्याचा सांधा नीट बसलेलाच नव्हता. हे दुखणं बरंचसं आईबापांकडून येतं; आमची गुळगुळीत फरशी आणि मी लाडाने वाढवलेलं त्याचं वजन, यांनी हातभार लावला. त्याच्या आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे काढलेत का, हे मी विचारलंच नव्हतं. पगच्या चपट्या नाकाचंही तेच. नाक जितकं बसकं तितका 'पंच फेस' म्हणून भाव जास्त, आणि तितकंच घोरणं आणि धाप.

उलट आपल्याकडची कारवानी बघा. सोलापूर-लातूरकडे आणि पलीकडे कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या सशामागे धावणारी ही कुत्री. मुधोळच्या घोरपडे राजांनी ती नावारूपाला आणली, 2005 मध्ये टपाल तिकिटावर आली. एका क्लबाच्या वहीत ती कॅरॅव्हान हाउंड, दुसऱ्याच्या वहीत मुधोळ हाउंड. गावातल्या बहुतेकींना कागद ठाऊक नाही. मेसेजप्रमाणे त्या सगळ्या नकली.

तरी कागद निरुपयोगी म्हणत नाही. डॉग शोच्या ब्रीड रिंगमध्ये, म्हणजे जातिवंत कुत्र्यांच्या स्पर्धेत, कुत्रा उतरवायचा असेल किंवा पैदास करायची असेल तर तो हवाच. प्रामाणिक ब्रीडरकडे त्यावरून आईबापांचा माग लागतो, तपासण्यांचे रिपोर्ट मागता येतात. सोफ्यावर लोळायला आणि संध्याकाळी फिरायला सोबत हवी, त्याचं काम कागदावाचून अडत नाही.

शेवटी ते 'थोडे पैसे जास्त'. एकाच वेताचे दोन भाव सांगितले, पेपरसकट एवढे आणि बिनपेपरचे तेवढे, की मी तिथून निघतो. वेत नोंदवलं असेल तर त्यातल्या पिल्लांचे कागद होतातच, आणि त्याचा खर्च सांगितलेल्या फरकाच्या जवळपासही नसतो. मग बिनपेपरचं स्वस्त कसं? कदाचित मादीचीच नोंद नसेल, कदाचित तिला लागोपाठ व्यायला लावलं असेल. म्हणून जोशीकाकांना म्हटलं, पेपर राहू द्या, आधी पिल्लांची आई दाखवायला सांगा. ती कशी चालते, अंगावर येते का, पिल्लं तिच्याजवळ जातात का, ते बघा.

काकांनी काल फोन करून विचारलं. आई गावाला गेली आहे म्हणे.